विधी सेवेचं ऑनलाइन प्रशिक्षण : नंदुरबारच्या पाड्यापर्यंत पोहोचायचं तर

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. विधी सेवा देणाऱ्या संस्थांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण आणि दृक्-श्राव्य साहित्य कसं तयार करावं, असा तो आहे. असे विषय मोघम बोलले की झोप येते, म्हणून आपण सगळं बोलणं एका जिल्ह्यात नेऊन करू. नंदुरबार जिल्ह्यात.

आधी हक्क काय आहे ते बघू. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क आला आणि मोफत विधी सहाय्य ही राज्याची जबाबदारी ठरली. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, पण तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. मोफत वकील कोणाला मिळेल हे त्याच्या कलम १२ मध्ये आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग, मानवी तस्करीला किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती, आपत्तीग्रस्त, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती. यांच्यापैकी कोणालाही उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा लागते ती या यादीत न बसणाऱ्यांना.

आता हे नंदुरबारला लावून बघा. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार. त्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण साधारण ६९ टक्के. उरलेल्या ३१ टक्क्यांत निम्म्या स्त्रिया धरा. म्हणजे शंभरातली सुमारे ८५ माणसं उत्पन्नाचा दाखला न काढता मोफत वकिलाला पात्र आहेत. आणि यात उरलेल्यांची मुलं किंवा कोठडीतली माणसं आपण मोजलेलीही नाहीत.

यंत्रणाही कागदावर पुरेशी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याखाली तालुका विधी सेवा समित्या आहेत, १५१०० ही देशभराची हेल्पलाइन आहे. केंद्राच्या न्याय विभागाची टेलि-लॉ योजना २०१७ पासून चालू आहे. गावातल्या सेवा केंद्रात बसून फोनवर किंवा पडद्यावर वकिलाचा सल्ला घ्यायचा, अशी ती योजना. तंत्रज्ञान इथे उशिरा आलं असं म्हणायचीही सोय नाही, कारण देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला.

मग अडतं कुठे? तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावकडे गेलात की उत्तर दिसायला लागतं. रस्ता अवघड, रेंज येते-जाते, घरं डोंगरभर विखुरलेली. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे कायदा ज्या भाषेत आणि ज्या क्रमाने सांगितला जातो, त्या भाषेत आणि त्या क्रमाने माणसाची अडचण येतच नाही. आज आपण मुख्यतः याच गोष्टीकडे बघणार आहोत.

साहित्य तयार करायला बसलं की पहिला प्रश्न असा असावा, की हे ऐकणार कोण? विधी सेवेत ऐकणारे तीन प्रकारचे असतात. प्राधिकरणाच्या यादीवरचे वकील, मधले विधी स्वयंसेवक, आणि ज्याचं काम अडलंय तो माणूस. आपल्याकडे बहुतेक साहित्य तिघांसाठी एकदमच करतात, आणि म्हणून ते कोणालाच नीट लागू पडत नाही. तुम्ही असे व्हिडिओ पाहिले असतील. मागे कायद्याच्या पुस्तकांचं कपाट, समोर वक्ते, पहिली दहा मिनिटं राज्यघटनेवर, मग कलमांची यादी. वकिलाला ते आधीच ठाऊक असतं. पाड्यावरच्या माणसाला त्यातलं एक वाक्यही वापरता येत नाही.

आमच्या मते नंदुरबारसारख्या जिल्ह्यात साहित्याचा पहिला आणि खरा ऐकणारा हा मधला माणूस आहे, म्हणजे विधी स्वयंसेवक. विधी स्वयंसेवकांची योजना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये आणली. यात वकील नसलेली माणसं घ्यायची असतात: अंगणवाडी सेविका, शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी, बचत गटातली एखादी ताई. त्यांना मराठी वाचता येतं, पाड्याची बोली येते आणि लोक त्यांच्या ओसरीवर येऊन बसतात. अशा माणसाला तयार केलं तर एका धड्याचे शंभर श्रोते होतात. सरळ नागरिकापर्यंत पोहोचणारा व्हिडिओ दिसायला मोठा दिसतो, त्याखाली बघणाऱ्यांचा आकडा येतो, देणगीदारांना तो आवडतोही. पण व्हिडिओ संपल्यावर कागद घेऊन सोबत कार्यालयात कोण जाणार?

आता एक धडा प्रत्यक्ष बांधून बघू. याला जरा वेळ देऊ, कारण सगळा विषय इथेच आहे.

समजा अक्राणी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात कागद आलाय. त्यावर लिहिलंय की त्याचा वनहक्काचा दावा अमान्य झाला. घरात कोणाला नीट वाचता येत नाही. तो कागद घेऊन ताईंकडे येतो. या क्षणी ताईंना काय माहीत असायला हवं?

पुस्तकी पद्धतीने गेलो तर आपण वनहक्क कायदा २००६ पासून सुरुवात करू. प्रस्तावना, व्याख्या, १३ डिसेंबर २००५ ही ताब्याची तारीख, चार हेक्टरची मर्यादा, ग्रामसभेचे अधिकार. सगळं खरं, पण त्या शेतकऱ्याचा दिवस त्यातच जाईल. त्याऐवजी धडा कागदापासूनच सुरू करायचा. पडद्यावर तोच नमुना कागद दाखवायचा, नाव-गाव झाकून. आणि पहिलं वाक्य असं ठेवायचं: दावा अमान्य झाला म्हणजे आज जमीन सोडायची, असं नाही. कायद्याचं कलम ४(५) सांगतं की हक्क ओळखण्याची आणि पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून कोणाला हटवता येत नाही. हे वाक्य ऐकल्यावर समोरच्याचा श्वास खाली बसतो आणि मग पुढचं ऐकू येतं. बाकी प्रस्तावना नंतर कधीही सांगता येईल.

मग दुसरं: हा कागद कोणाचा आहे? ग्रामसभेने दावा नाकारला असेल तर दाद उपविभागीय समितीकडे. उपविभागीय समितीने नाकारला तर जिल्हास्तरीय समितीकडे. आणि जिल्हास्तरीय समितीने नाकारला तर? देशभरासाठी केलेल्या बहुतेक साहित्यात इथे गाडी थांबते, कारण मूळ कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम म्हटला आहे. पण महाराष्ट्राच्या राज्यपालांनी १८ मे २०२० च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रापुरता त्यात बदल केला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अपिलाची वाट उघडली. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण आणि शहादा व नंदुरबार तालुक्यांतली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. म्हणजे छत्तीसगडसाठी किंवा ओडिशासाठी केलेला एखादा उत्तम व्हिडिओ जसाच्या तसा उचलून मराठीत आणला, तर तो इथल्या माणसाला चक्क खोटं सांगेल: आता काही होत नाही म्हणून.

तिसरी गोष्ट तारखेची, आणि ही सगळ्यांत नाजूक आहे. मूळ कायदा साठ दिवसांची मुदत निर्णयाच्या तारखेपासून मोजतो. २०१२ मध्ये सुधारलेले नियम सांगतात की नामंजुरीचा निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवला पाहिजे, म्हणजे त्याला साठ दिवसांत दाद मागता येईल. समितीला आणखी तीस दिवस वाढवून देता येतात. आता कागदावर जानेवारीची तारीख आहे आणि तो हातात पडला एप्रिलमध्ये, तर काय? याचा वाद वकील घालेल. पण वाद घालता यावा यासाठी ताईंनी त्या दिवशी एक साधं काम करायला हवं. वहीत दोन तारखा लिहायच्या: कागदावरची आणि हातात पडल्याची. कोणी दिला, कुठे दिला, सही घेतली का, हेही. आमच्या मते या धड्यातून स्वयंसेवकाने एवढं जरी उचललं तरी धडा सत्कारणी लागला.

चौथी गोष्ट कारणाची. कागदावर बहुधा ‘पुरावा अपुरा’ असं काहीतरी असतं. इथे नियम १३ ची यादी कामी येते. सरकारी कागदांबरोबरच गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. जमिनीवरच्या खुणा चालतात: घर, बांध, विहीर, सपाट केलेलं शेत, पुरण्याची जागा, देवाचं ठिकाण. एखादा ठरावीकच कागद आणा असा आग्रह समितीला धरता येत नाही. उपग्रहाचा फोटो जोड म्हणून वापरता येतो, बाकी पुराव्याच्या जागी नाही. हा भाग मात्र व्हिडिओत फार छान दाखवता येतो. कॅमेरा शेतात न्यायचा, बांधाजवळ थांबायचं आणि विचारायचं, हा बांध कोणी घातला, कधी? पुरावा म्हणजे कागद, ही समजूत असा एक शॉट मोडून काढतो.

हे सगळं इतक्या बारकाईने का सांगतोय? १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याबाबत आदेश दिला होता. देशभरातल्या लाखो कुटुंबांचा तो प्रश्न होता. २८ फेब्रुवारीला न्यायालयाने तो आदेश स्थगित ठेवला आणि राज्यांना विचारलं की दावे फेटाळताना कोणती पद्धत पाळली ते सांगा. निर्णय माणसापर्यंत पोहोचला होता का, त्याला बाजू मांडायची संधी मिळाली होती का, हे प्रश्न तेव्हा अगदी मध्यभागी आले. ज्यांच्याकडे ‘कागद कधी मिळाला’ याची नोंद होती त्यांना बोलायला काहीतरी होतं. पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेला, न वाचलेला कागद अशा वेळी मदत करत नाही.

आता भाषेकडे वळू. नंदुरबारमध्ये मराठी ही कार्यालयाची, शाळेची आणि कोर्टाची भाषा. सातपुड्यात पावरी, जिल्हाभर भिलीची वेगवेगळी रूपं, नवापूरकडे मावची, खालच्या सपाटीला अहिराणी आणि गुजरी. म्हणून प्रशिक्षणाचं साहित्य ‘स्थानिक भाषेत भाषांतर करा’ असा ठराव होतो. ठराव चांगलाच आहे. पण भाषांतर म्हणजे नेमकं काय करायचं?

‘दावा अमान्य’ हे शब्द घ्या. कार्यालयात त्यांचा अर्थ एका टप्प्यावर नकार, इतकाच. घरात त्याचा अर्थ ‘जमीन गेली’. ‘तडजोड’ घ्या. पंचांपुढे झालेली तडजोड मोडली तर पुन्हा पंच बसवता येतात, अशी माणसाची समजूत असते. लोकअदालतीत सही केलेल्या तडजोडीचा निवाडा मात्र दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि कलम २१ प्रमाणे त्यावर अपील नाही. शब्द तोच, पण परिणामात जमीन-अस्मानाचा फरक. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतरात हा फरक कुठेच दिसणार नाही. म्हणून मराठी संहिता लिहून ती पावरीत ‘करून घेण्याऐवजी’ दोन माणसांना समोरासमोर बसवावं. एक वकील, एक बोली बोलणारा स्वयंसेवक. वकिलाने गोष्ट सांगावी, स्वयंसेवकाने ती आपल्या बोलीत परत सांगावी, तिसऱ्याने त्याचं पुन्हा मराठी करून वकिलाला ऐकवावं. जिथे वकील ‘अहो, असं नाही’ म्हणून उठेल, तिथेच धड्याचं काम आहे.

यंत्राने भाषांतर करण्याबद्दल हल्ली विचारलं जातं. २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ नावाचं भाषांतराचं ॲप चाचणी रूपात आणलं, त्यात भिली आहे. स्वागतच करायला हवं. पण पावरी आणि मावची म्हणजे ती भिली नव्हे, आणि साठ दिवसांच्या मुदतीसारख्या ठिकाणी यंत्राने एक क्रियापद इकडचं तिकडे केलं तर नुकसान यंत्राचं होत नाही. कच्चा मसुदा यंत्राने करावा, पण ऐकून ‘हो’ म्हणणारा माणूस पाड्यावरचाच हवा.

माध्यम कोणतं, हा पुढचा प्रश्न. आम्ही आवाजाला पहिलं स्थान देतो. याला भावनेचं कारण नाही, साधा हिशेब आहे. तीन मिनिटांचा आवाज ३२ केबीपीएसने, मोनोमध्ये ठेवला तर फाइल साधारण ७२० केबीची होते. एका एमबीहूनही लहान. अशी फाइल अर्धवट रेंजमध्येही व्हॉट्सॲपवर जाते, ब्लूटूथने जाते, मेमरी कार्डावर शेकडो मावतात. आणि मेमरी कार्डाचं जाळं इथे आधीपासून आहे बरं का! टिमलीची गाणी पाड्यापाड्यांवर काही सगळी इंटरनेटवरून पोहोचली नाहीत. बाजारातल्या मोबाइल दुकानात कार्ड भरून देतात, तिथून ती फिरली. जे गाण्याला जमतं ते धड्यालाही जमू शकतं.

तसं पाहिलं तर ऐकून शिकण्याची परंपरा या भागात जुनीच. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांचा ‘आप’ पंथ १९३० च्या दशकात आरतीच्या रूपाने गावोगाव गेला. १९७० च्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती भजन मंडळी घेऊन फिरत आणि जमिनीचे, मजुरीचे प्रश्न लोकांपुढे मांडत. १९७२ मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. नर्मदेच्या काठावर १९९० च्या दशकात जीवनशाळा सुरू झाल्या, त्यांत मुलं आपल्या बोलीतून शिकायला लागली. आपण ‘मल्टिमीडिया’ असा भारदस्त शब्द वापरतो तेव्हा हे सगळं डोळ्यांपुढे असावं.

व्हिडिओ नको असं मात्र नाही. कागद ओळखायला, अर्ज भरून दाखवायला, शेतातली खूण दाखवायला व्हिडिओच हवा. फक्त तो एकट्याने मोबाइलवर बघण्यासाठी न करता, चार माणसांनी बसून बघण्यासाठी करावा. इथे शेतीतल्या एका प्रयोगाकडून शिकण्यासारखं आहे. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये २००६ मध्ये ‘डिजिटल ग्रीन’ सुरू झालं. त्यांनी शास्त्रज्ञांची भाषणं न दाखवता जवळपासच्या गावातल्याच शेतकऱ्यांना कॅमेऱ्यापुढे आणलं, आणि गावात दाखवताना एक माणूस मधे मधे व्हिडिओ थांबवून प्रश्न विचारायचा. बघणारे विचारत, हा कुठल्या गावचा? आपल्यासारखाच माणूस करतोय म्हटल्यावर विश्वास बसायचा. विधी सेवेच्या व्हिडिओतही थांबण्याच्या जागा आधीच ठरवून ठेवाव्यात. दीड मिनिट झालं की पडदा थांबेल, ताई विचारतील: ‘तुमच्या घरी असा कागद आहे का?’

छत्तीसगडमधला ‘सीजीनेट स्वर’ हा दुसरा धडा. २०१० पासून लोक साध्या फोनवरून मिस्ड कॉल देऊन आपली तक्रार बोलीत नोंदवू लागले आणि दुसऱ्यांच्या ऐकू लागले. म्हणजे साहित्य एकाच दिशेने वाहत नव्हतं. नंदुरबारमध्ये स्वयंसेवकांचे प्रश्न असे आवाजात जमा झाले, तर पुढचा धडा कशावर करायचा हे कार्यालयात बसून ठरवावं लागणार नाही.

तांत्रिक बाजू पटकन सांगून टाकतो. रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. खोलीत गोधड्या टांगल्या की आवाज घुमत नाही, आणि बऱ्यापैकी मोबाइल पुरतो. धडे एका ठिकाणी ठेवायला मूडलसारखी फुकट व्यवस्था आहे, तिच्या ॲपमध्ये धडा उतरवून घेऊन नंतर रेंज नसतानाही बघता येतो. कोलिब्री नावाची व्यवस्था तर एका छोट्या संगणकावर, इंटरनेट नसतानाही चालते. तालुक्याच्या शिबिरात सगळ्यांचे फोन त्यालाच जोडायचे. यापेक्षा जास्त पैसा यंत्रांवर घालू नये. स्वयंसेवकाच्या प्रवासावर आणि मानधनावर घालावा.

यापुढचा मुद्दा साहित्य शिळं होण्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. एका रात्रीत देशातले शेकडो व्हिडिओ अर्धवट चुकीचे ठरले. सासरच्या छळाचं ४९८-अ आता ८५ आणि ८६ झालं. पोटगीचं १२५ आता १४४. पोलिसांत खबर नोंदवण्याचं १५४ आता १७३. आणि घोळ इथेच संपत नाही: १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते. म्हणून स्वयंसेवकाला नव्या-जुन्या क्रमांकांचा तक्ता पाठ करायला लावण्याऐवजी ‘घटना कोणत्या तारखेची?’ हा प्रश्न आधी विचारायला शिकवावं. क्रमांक वकील बघेल.

याच कलम १७३ मध्ये एक गोष्ट नंदुरबारच्या फार कामाची आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. दक्षिण गुजरातमध्ये उसतोडीला किंवा बांधकामावर गेलेल्या बाईवर तिथे अत्याचार झाला आणि ती गावी परत आली, तर ‘तिकडे जाऊन तक्रार कर’ असं तिला सांगता येत नाही. नोंदलेल्या खबरीची प्रत तिला फुकट मिळाली पाहिजे. या एका गोष्टीवर दोन मिनिटांचा स्वतंत्र धडा असावा.

शिळं होणं टाळायचा उपाय साधा आहे. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीलाच आवाजात सांगायचं: ‘हा धडा अमुक महिन्यात, अमुक वर्षी केलेला आहे.’ फाइलच्या नावातही महिना-वर्ष घालायचं. धडे छोटे ठेवायचे, म्हणजे कायदा बदलला की तीन मिनिटं बदलावी लागतात, तासभर नाही. आणि वर्षातून एकदा, समजा ९ नोव्हेंबरच्या विधी सेवा दिनाला, वकिलाने सगळे धडे ऐकून ‘चालेल’ किंवा ‘काढा’ असं लिहून द्यायचं. मेमरी कार्डावर गेलेला धडा परत बोलावता येत नाही, तेव्हा तारखेचं वाक्य हाच त्याला आधार.

आता ज्या गोष्टीवर फार कमी बोललं जातं ती: खऱ्या माणसांच्या गोष्टी दाखवाव्यात का? चित्रफीत परिणामकारक व्हावी म्हणून पीडितेलाच बोलतं करायचा मोह होतो. चेहरा धूसर केला, झालं. शहरात कदाचित होत असेल. चाळीस घरांच्या पाड्यावर आवाज ओळखतात, गळ्यातली माळ ओळखतात, मागचं अंगणही ओळखतात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हाच आहे, बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ आणखी कडक आहे. पण जिथे कायदा मना करत नाही तिथेही जपून राहावं लागतं. एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षेचा. सातपुड्यात ही प्रथा आजही बायकांचे बळी घेते, तेव्हा या विषयावर साहित्य हवंच. मात्र ज्या बाईने तक्रार केली तिचीच मुलाखत मोबाइलवरून फिरली, तर तिला त्याच पाड्यावर राहायचंय हे आपण विसरलो असं होईल. इथे नाटुकलं करावं, दुसऱ्या तालुक्यातल्या कलाकारांना घेऊन. आणि स्वयंसेवकाने लोकांच्या कागदांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये, घरातल्या मुलांच्या हाती पडतील असे ठेवू नयेत, हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

शेवटी परीक्षा. ऑनलाइन प्रशिक्षणात दहा प्रश्न, चार पर्याय आणि मग प्रमाणपत्र असा ठरलेला मार्ग असतो. प्रमाणपत्राला आमचा विरोध नाही, भिंतीवर ते शोभून दिसतं. पण स्वयंसेवक तयार झाला का हे बघायचं असेल तर त्याच्या हातात एक कागद द्या आणि म्हणा, हा घेऊन मी तुमच्याकडे आलोय, बोला. तो काय विचारतो ते ऐका. आधी तारीख विचारली का? कोणत्या समितीचा कागद हे पाहिलं का? आणि जिथे आपलं काम संपतं तिथे थांबला का? असा पाच मिनिटांचा संवाद फोनवरूनही घेता येतो, रेकॉर्ड करता येतो.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथेच देतो.

एका वकील श्रोत्यांनी विचारलं की अशाने स्वयंसेवक अर्धवट वकील होऊन बसणार नाहीत का? भीती रास्त आहे. स्वयंसेवकाला कोर्टात उभं राहता येत नाही आणि सल्ल्याचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून प्रत्येक धड्याच्या शेवटी ‘इथून पुढे वकील’ अशी ठरावीक खूण असावी, दरवेळी तोच आवाज, तेच वाक्य, आणि मागोमाग तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज कसा करायचा याची वीस सेकंदं. वकिलांनीही एक पथ्य पाळावं. धड्यात बोलणाऱ्या वकिलाने स्वतःचा कार्यालयाचा पत्ता-नंबर देऊ नये. ती जाहिरात होते आणि वकिलांच्या आचारनियमांत ती बसत नाही. नंबर द्यायचा तो प्राधिकरणाचा.

दुसरा प्रश्न होता, एवढं सगळं एकदम जमत नसेल तर सुरुवात कुठून करावी? तालुका समितीकडे गेल्या वर्षभरात कोणत्या प्रकारचे अर्ज आले ते आधी बघा, आणि स्वयंसेवकांना विचारा की कोणते प्रश्न अर्जापर्यंत पोहोचलेच नाहीत. दोन्ही याद्यांतून पाच विषय निघतील. एका तालुक्यासाठी, एका बोलीत, तीन-तीन मिनिटांचे पाच आवाजी धडे करा. दिवाळीनंतर माणसं उसतोडीला, मजुरीला बाहेर पडतात आणि होळीला, भोंगऱ्याच्या बाजाराला जमेल तितकी घरी परततात. तेव्हा पाड्यावर घरं भरलेली असतात, बाजारातल्या दुकानांत कार्ड भरून घ्यायला गर्दी असते. पहिले दोन धडे त्याआधी तयार हवेत.